चाळीस सेकंदांची ओळ

फार पूर्वी नव्हे, अगदी आपल्याच काळात, एका डोंगराळ गावात एक वृद्ध अभियंता राहत होते. गाव त्यांना अप्पा म्हणे. दूध केंद्रावरच्या यंत्राचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. वाटीभर दूध यंत्राखाली ठेवायचे, की त्यात पाणी किती ते पडद्यावर उमटे. केंद्राची रीत मात्र कडक होती. ज्याच्या दुधात पाणी निघेल, त्याची किटली महिनाभर केंद्राच्या दारातल्या फळ्याखाली पालथी ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

दृष्टी अधू झाली तेव्हा अप्पांनी प्रोग्रॅम आपल्या शिष्येच्या हाती सोपवला. मुलगी हुशार, उत्साहाने नुसती ओसंडणारी. तिने प्रत्येक ओळीला किती वेळ लागतो ते मोजले, आणि तिला घबाडच सापडले. वाटी ठेवल्यावर यंत्र चाळीस सेकंद काहीच करत नव्हते. अप्पांनीच तशी आज्ञा लिहिली होती : थांब. तिने ती ओळ काढून टाकली. (खरे सांगायचे तर मीही काढली असती, आणि वर दहा जणांना सांगितले असते.)

"अप्पा, उद्या सकाळी केंद्रावर याच," ती म्हणाली. "गंमत दाखवते."

सकाळी रांग पळू लागली. वाटी ठेवली की दोन सेकंदांत आकडा.

"आज काय, यष्टी सुटतेय का?" कुणीतरी म्हणाले. माणसे हसली. शिष्येचे पाय जमिनीवर ठरेनात.

मग वरच्या वाडीच्या मालनकाकू आल्या. एकच म्हैस, अर्धी भरलेली किटली, आणि तासभराची उतरण. पडद्यावर आकडा आला : पाणी नऊ टक्के.

केंद्राच्या सचिवांनी किटली ओढून घेतली.

"अहो, विहीर काय मी काल खणली?" मालनकाकू म्हणाल्या. "बारा वर्षं दूध घालतेय. पाणीच घालायचं तर इतकी वर्षं कशाची वाट बघत होते?"

"काकू, यंत्राला काय तुमचं वावडं आहे?" सचिव म्हणाले.

दूध बाजूला ओतून किटली फळ्याखाली पालथी झाली. मालनकाकूंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या भिंतीकडे वळल्या.

तेव्हा अप्पा पुढे झाले. त्यांनी मालनकाकूंच्या दुधाची वाटी उचलली आणि कानाला लावली. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"वेळ मोज," ते शिष्येला म्हणाले.

तिने मोबाइलवर मोजणी सुरू केली. अप्पा डोळे मिटून उभे. सचिव चुळबुळले. शेवटी अप्पांनी वाटी खाली घेतली.

"किती झाले?"

"चौतीस सेकंद."

"आता लाव यंत्राला."

आकडा आला : पाणी शून्य.

"दूध हिंदकळत आलं होतं," अप्पा म्हणाले. "त्यातले बुडबुडे यंत्राला पाणीच वाटतात; ते फुटताना ऐकू येतात. तोवर यंत्र दूध मोजत नाही, वाट मोजतं. तू वेळ अचूक मोजलास पोरी, पण यंत्राचा. काम दोघांचं होतं. यंत्र तयार होतं, दूध अजून यायचं होतं."

शिष्येने आधी किटली उचलली, नळावर स्वच्छ धुतली आणि मालनकाकूंच्या हातात दिली. मग विचारले, "ती ओळ परत लिहू? चाळीस?"

"चाळीस हा माझा अंदाज होता. किती थांबायचं ते दुधालाच विचारता येतं का बघ. मला जमलं नव्हतं."

तिचे डोळे पुन्हा चमकले. ती तिथेच पायरीवर बसली आणि नवी आज्ञा लिहू लागली : मोजत राहा, आकडा हलतो आहे तोवर गप्प बस, तीनदा तोच आला, की मग बोल.

दुसऱ्या दिवशी बहुतेकांचे दूध दहा सेकंदांत मोजून झाले. मालनकाकूंच्या वाटीला छत्तीस लागले. रांगेतून कुणी हूं की चूं केले नाही.

"घे तुझा वेळ," मालनकाकू यंत्राला म्हणाल्या. "मीही तासभर चालून आलेय."

अप्पा बाकावर बसून ऐकत होते. या वेळी वाटी त्यांनी उचलली नाही.

शाळेतून धावत आलेल्या माझ्या मुलीच्या चेहऱ्यावरून मी हल्ली लगेच काही ठरवत नाही. निदान तिचे दप्तर खांद्यावरून उतरेपर्यंत तरी.