खालचं

“मग सांगा बुवा, धाकटीला उद्या आक्काबरोबर धाडू का नको?”

बुवांनी चुलीतलं एक लाकूड आत सारलं आणि वरच्या पातेल्यावरचं झाकण किंचित सरकवलं. आत खिचडी रटरटत होती.

विचारणारा होता नरहर आचारी. बुवांच्या या नदीकाठच्या मठात भंडारा असला की कढया त्याच्याच ताब्यात असत. पंचक्रोशीत लग्न कुणाचंही असो, स्वयंपाक नरहरचा. पंगतीवर पंगती उठल्या तरी त्याच्या आमटीत वरून पाणी ओतावं लागत नाही, असं लोक सांगत. लोकांच्या आधी तो स्वतःच सांगे.

श्रावणात त्याची बायको तापानं गेली. सगुणा तिचं नाव. मागं तीन लेकरं राहिली. आता थंडी पडू लागली होती, आणि ज्याच्या हातचं साऱ्या गावानं चाटूनपुसून खाल्लं, त्याच्या घरात पाच वर्षांची अंबू उपाशी उठत होती.

“तुझ्या मनात धाडायचं आहे का?” बुवांनी विचारलं.

“मनात कुणाच्या असतं? पण पोर डोळ्यांदेखत वाळत चाललीय. वैद्य झाला, डॉक्टर झाला. रोग कायबी न्हाई म्हणत्यात. माझ्या आक्काला मूलबाळ न्हाई. ती म्हणती, माझी म्हणून वाढवीन, पण मागनं परत मागायची न्हाई. उद्या सकाळच्या गाडीनं ती निघाली…”

“पोर जेवत का नाही?”

नरहरला हे झोंबलं.

“ते तुम्हीच सांगा. माझ्याकडनं कसूर न्हाई!”

मग तो मांडी ठोकून बसला आणि सांगू लागला. थोरल्या मुकुंदला जाळ तिखट लागतं, गोडाकडं तो ढुंकून बघत नाही. मधल्या शालनला कांदा-लसणाचा वास आला की ताट सरकवते.

“म्हणून तूर एकच शिजवायची. फोडणीच्या आधी निम्मं वरण बाजूला काढायचं, त्यात तूप-लिंबू, ते शालनचं. उरलेल्याला लसणाची लालभडक फोडणी, ते मुकुंदचं. वांगं केलं तर आधी त्याच तव्यावर तिच्या बटाट्याच्या काचऱ्या परतून घ्यायच्या. आठवडाभर काय करायचं ते रविवारीच डोक्यात पक्कं. एका चुलीवर तीन ताटं निघत्यात बुवा, आणि एकाचा वास दुसऱ्याला लागत न्हाई!”

बोलता बोलता त्याच्या चेहऱ्यावर तरतरी आली. घर बुडालं असलं तरी माणसाला आपलं कसब सांगायला आवडतं. नरहरला तर फारच आवडे.

“तिसरं ताट?” बुवांनी विचारलं.

तरतरी गेली.

“अंबूला काय करून घातलं न्हाई ते विचारा. शिरा, धिरडी, गूळपोळी, शेवयांची खीर. ताट पुढ्यात घेऊन नुसती बसती. भावंडांच्या तोंडाकडं बघत. त्यांचं संपलं की उठून चुलीपाशी जाती. काय पायजे बाळ तुला, म्हणलं की एकच बोलती. खालचं.”

“खालचं?”

“मलाबी कळंना. वाटलं, फडताळाच्या खालच्या कप्प्यातलं कायतरी. तिथले सगळे डबे काढून पुढं ठेवले. मग वाटलं, खाली भुईवर बसायचंय. पाट काढून घेतला. शेवटी शालननं सांगितलं. पातेल्याच्या बुडाला धरलेला भात. खरपुडी. ती पायजे तिला.”

“मग?”

“मग काय!” नरहर ताठ झाला. “माझ्या हाताखाली भात लागत न्हाई बुवा. उभ्या जन्मात लागला न्हाई. रिकामं पातेलं तिच्यापुढं धरलं, म्हणलं बघ, हाय का कुठं काळं? लख्ख होतं बूड. पोर मुकाट्यानं जाऊन निजली.”

बुवा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी आणखी एक लाकूड आत सारलं.

खिचडीचा रटरटाट थांबला होता. नरहरच्या नाकानं करपट वास लगेच ओळखला.

“बुवा, जाळ कमी करा.”

बुवा हलले नाहीत.

“बुवा, खाली लागतंय!”

“लागू दे.”

नरहरला राहवेना. त्यानं उलथण्याला हात घातला. बुवांनी त्याचं मनगट धरलं. हात म्हाताऱ्याचा होता, हाडं नि कातडं, पण नरहरला तो सोडवून घेता आला नाही.

“सगुणा काय खायची?” बुवांनी विचारलं.

“सगळंच खायची. तिची कसली म्हणून तक्रार नव्हती.”

“सगळं म्हणजे काय?”

नरहरनं आठवून पाहिलं.

वीस वर्षांमागच्या लग्नातल्या एका व्याह्यांना कोशिंबिरीत साखर चालत नव्हती, ते त्याच्या ध्यानात होतं. कुठल्या पाटलाच्या आजीला मऊ भात लागतो, कुठल्या मामलेदाराला ताकात आलं लागतं, झोपेतून उठवून विचारा, त्यानं सांगितलं असतं. बायकोचं काही आठवेना. भाकरी पापुद्र्याची आवडायची का जाडी? तिला दूध आवडायचं का? तो चाचपडत राहिला.

“जेवायची कधी?”

“मागनं. आमचं सगळ्यांचं झाल्यावर.”

“पाहिलंस कधी?”

“मी आत कशाला थांबू? हात धुतला की बाहेर ओट्यावर. पान लावायचं, चार माणसं बसलेली असायची…”

करपट वास आता ओसरीभर झाला होता. बुवांनी त्याचं मनगट सोडलं. जुन्या चिंधीनं पातेलं उतरवलं. वरची मऊ, पांढरी खिचडी ताटात घातली, ताट नरहरपुढं सरकवलं.

“जेव.”

मग पातेलं त्यांनी आपल्याकडं ओढलं, तिरकं केलं आणि उलथण्यानं बूड खरवडू लागले.

खर्र… खर्र…

नरहरचा घास तोंडाशी नेलेला हात तिथंच राहिला.

हा आवाज त्यानं ऐकला होता. ओट्यावर पानाला चुना लावताना रोज ऐकला होता. आतून खर्र खर्र यायचं, आणि त्याच्या पाठोपाठ अंबूचं खुदखुदणं. आईच्या मांडीवर बसून तिच्याबरोबर ती खरवड खात असायची ती. तिथूनच हसायची. तो आवाज आला की नरहरला चार माणसांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तो ओट्यावरून ओरडायचा, आचाऱ्याची बायको नि रोज भात लावतेस? लोकांनी ऐकलं तर काय म्हणतील!

मग आत सगळं चिडीचूप व्हायचं. थोड्या वेळानं परत खरवडणं सुरू व्हायचं. अगदी हळू.

हे तो विसरून गेला होता. भात लागणं तेवढं लक्षात ठेवलं होतं, आणि तेही तिची चूक म्हणून.

त्यानं घास ताटात ठेवला.

“बुवा… दहाव्याला…”

बुवा थांबले.

“त्या दिवशी पिंडाला कावळा शिवंना. तुम्हीबी होता वरच्या पायरीवर. पिंपळावर कावळे बसलेले, पण खाली एक उतरंल तर शपथ. भटजी म्हणाले, बाईची इच्छा कशात तरी राहिलीय, तिच्या आवडीचं ठेवा. मुकुंदनं ठेचा ठेवला. आईला आवडायचा म्हणाला. शालननं तूपभात ठेवला. मी पहाटे उठून माझ्या हातानं जिलबी काढली होती, ती ठेवली.”

“जिलबी सगुणाला आवडायची?”

“मला आवडती…” नरहर म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकला.

बुवांनी हातातलं उलथणं पातेल्याच्या काठावर टेकवलं.

“मग अंबू पुढं आली. मूठ गच्च आवळलेली. मी म्हणलं, काय हाय गं? तिनं मूठ उघडली. आत करपलेला भात. काळा ठिक्कर. सुतकात शेजारचे लोक भात आणून देत होते, त्यांच्या पातेल्याचं बूड खरवडून आणलं होतं तिनं. कधीपासनं मुठीत धरलं होतं कुणाला ठाऊक. सगळं गाव बघत होतं बुवा. नरहर आचाऱ्याच्या बायकोच्या पिंडापाशी करपलेला भात! मी तिच्या हातावर फटका मारला. भात उडाला तो नदीत.”

बोलणं संपलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

“रडली?” बुवांनी विचारलं.

“न्हाई. नदीकडं बघत उभी राहिली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, त्याच्याकडनं शिवून घेतलं, आणि आम्ही घरी आलो. त्या दिवसापासनं ती जेवत न्हाई.”

नदीवर अंधारून येऊ लागलं होतं. पलीकडच्या काठावर कुणी म्हशी हाकत होतं.

“बुवा, सगुणाचा जीव अडकून राहिला असंल का हो? माझ्यामुळं?”

“मला नाही माहीत.”

नरहरला वाटलं होतं, बुवा नाही म्हणतील. एवढा एक शब्द त्यांनी दिला असता तर त्याला घरापर्यंत पुरला असता. त्यानं वाट पाहिली…

बुवांनी तो दिला नाही.

मग नरहरनं उपरण्यानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं. त्याच्यातला आचारी जागा झाला होता. माणूस हतबल झाला की आपल्या धंद्यालाच मिठी मारतो.

“समजलं बुवा. आता असं करतो. आजपासनं तिच्यासाठी एक लहान पातेलं निराळं. मूठभर तांदूळ, पाणी बेतानं, शेवटी जाळ वाढवायचा. मुद्दाम लावतो. रोज ताजी खरपुडी, वर तुपाची धार. एका चुलीवर चार प्रकार झाले, होऊ देत. ते काय मला जड न्हाई. तिचं ताट भावंडांच्या बरोबरीनं वाढतो. खाईल न्हवं मग ती? खाईल. म्हणजे आक्कालाबी तसं सांगता येईल, की…”

“आणि तू कुठं असशील?”

“मी?”

“तिला वाढल्यावर.”

“मी होय… मी ओट्यावर. आत बसवत न्हाई बुवा. सगुणा गेल्यापासनं वाढतो आणि बाहेर येतो.”

“जेवतोस कधी?”

“माझं काय, कामावरच भागतं. चव बघता बघता पोट भरतं. घरी ताट घेऊन बसलो न्हाई मी… तेव्हापासनं.”

बुवांनी खरवडलेला करपट थर पातेल्यातच एका कडेला गोळा केला. चांगला तांबूस-काळा निघाला होता. नरहर त्याकडं बघत होता. पुढ्यातली पांढरी खिचडी निवून घट्ट झाली होती, तिचा एक घासही त्यानं खाल्ला नव्हता.

त्यानं हात पुढं केला.

“बुवा… मला द्या त्यातली थोडी.”

बुवांनी पातेलं मागं ओढलं.

“इथं नाही. घरी जा. आज सगळ्यांच्या मागून, चुलीपाशी बसून, तू जेव.”