वरातीपुढचा बॅगपाइपवाला

एकदा एक वृद्ध बॅगपाइपवादक स्कॉटलंडच्या एका डोंगराळ गावात राहत असे. त्याचे नाव मुर्डो. उमेदीची वर्षे पलटणीपुढे वाजवण्यात गेली, नंतरची गावातल्या प्रत्येक वरातीपुढे. आता दम पुरेना. हा मान आपल्या शिष्याला, फिनलेला, द्यावा असे त्याच्या मनात होते. पण एका लग्नात त्याची परीक्षा घेऊन मगच.

फिनलेची बोटे म्हणजे वीज! लग्नाच्या सकाळी तो वाद्य जुळवून सज्ज होता. आणि गुरुजी? ते नवरीच्या लंगड्या आजोबांचा हात धरून चर्चच्या अंगणात फेऱ्या मारत, मेंढ्यांच्या गप्पा हाणत होते.

“ये रे, तूही चार पावले चाल आमच्याबरोबर.”

“गुरुजी, वरात निघायची वेळ झाली आणि तुम्हाला फिरायला सुचतंय?” फिनले वैतागला. गेला नाही.

वरात चर्चमधून चढावरच्या सभागृहाकडे निघाली. फिनलेने वाद्याची काखेतली हवेची पिशवी फुगवली आणि असा ठेका धरला की वा रे वा! सभागृहाच्या दारात पोचून ऐटीत वळला, तर मागे चिटपाखरू नाही. पार खालच्या वळणावर आजोबा काठी टेकून धापा टाकत होते. त्यांना सोडून नवरी पुढे यायला तयार नव्हती, आणि सारी वरात तिथेच खोळंबली होती. फिनलेचा चेहराच उतरला. गेला आपला मान!

मुर्डो हसत हसत वर आला.

“गुरुजी, मला मागचं काही ऐकूच आलं नाही हो.”

“कसे येणार? आपले वाद्य कानठळ्या बसवणारे, आणि वाजवताना मान वळवता येत नाही. म्हणून ज्याची चाल सर्वांत मंद, त्याच्याबरोबर मी आधी चालून घेतो. पलटणीतही तेच करीत असे. पुढे चालणाऱ्याला मागचे ऐकू येत नसते, बाळा. त्याने ते निघण्यापूर्वी ऐकून घ्यायचे असते.”

फिनले उतारावरून धावत गेला. आजोबांना हात दिला, थोडे अंतर त्यांच्याबरोबर चालला आणि मग पुढे होऊन नव्याने वाजवू लागला, अगदी सावकाश.

“आता कसं!” आजोबा खूश झाले. “मघाशी वाटलं, लग्न नव्हे, शर्यतच आहे.”

सगळे एकदमच दारात पोचले. फिनलेच्या बोटांचे कौतुक कोणी केले नाही. जो तो नवरा-नवरीला मिठ्या मारण्यात दंग होता.

मुर्डो त्याच्या कानाशी लागला. “पुढच्या लग्नात मी मागे, पाहुण्यांत चालणार. माझे गुडघे दुखतात हं.”

फिनलेचे डोळे भरून आले, पण हसूही आवरेना. “मग त्या दिवशी लवकर उठा, गुरुजी. किती दुखतात ते आधी चालून दाखवा.”