जुना बिल्ला

माझी शाळा लहानपणीच सुटली, म्हणून शब्द साधे आहेत. शुद्धलेखनाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात.

एकदा एका शिष्याने गावच्या दूध संकलन केंद्रातल्या यंत्रासाठी सी भाषेत प्रोग्राम लिहिला. पण एका सकाळी एका आजींच्या दाट दुधाच्या पावतीवर त्यांच्यानंतर आलेल्या माणसाच्या पातळ दुधाचे फॅट छापून आले.

आजी म्हणाल्या, "बाबा, माझी म्हैस रातोरात आटली का पातळ झाली?"

लोक हसले. केंद्राचे चेअरमन मात्र हसले नाहीत. "उद्या असंच झालं तर यंत्र उचलून न्या."

शिष्य गुरुजींकडे गेला. "गुरुजी, काम झालं की यंत्राच्या मेमरीतली प्रत्येक जागा मी फ्री करतो, म्हणजे सोडून देतो. एकही अडवून ठेवत नाही."

गुरुजी त्याला टेकडीवरच्या देवळात घेऊन गेले. दाराशी चपलांच्या राखणदाराने शिष्याच्या चपला एका कप्प्यात ठेवल्या आणि त्या कप्प्याच्या नंबरचा बिल्ला त्याला दिला. परतताना शिष्याने चपला घेतल्या. पण गुरुजींच्या खुणेवरून राखणदाराने बिल्ला त्याच्याच हातात राहू दिला. रिकाम्या कप्प्यात एका मुलीच्या लाल चपला गेल्या.

थोड्या वेळाने गुरुजी म्हणाले, "जा, बिल्ला दाखवून चपला आण."

"माझ्या तर पायात आहेत."

"तरी जा."

शिष्याने बिल्ला पुढे केला. राखणदाराने लाल चपला काढून दिल्या. मागून मुलीची आई म्हणाली, "काय हो दादा, लेकराच्या चपला नेता?" शिष्याने त्या तिथेच ठेवल्या, बिल्ला परत केला आणि मान खाली घालून आला.

गुरुजी म्हणाले, "कप्पा सोडलास, हे योग्यच. पण सोडलेला कप्पा दुसऱ्याचा होतो, आणि बिल्ला मात्र तुझ्याच नावाने बोलत राहतो. फ्री केल्याने जागा जाते, पण तिचा पत्ता या बिल्ल्यासारखा प्रोग्रामच्या हातात उरतो. त्याच क्षणी तो पुसून नल कर, म्हणजे कुठेच न नेणारा रिकामा पत्ता. त्याच्या नकला असतील तर त्याही. नलवर गेलेला प्रोग्राम फार तर अडून पडेल, पण दुसऱ्याची वस्तू तुझी म्हणून देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली किटली येण्याआधी, शिष्याने प्रत्येक फ्रीखाली पत्ता नल करणारी एक ओळ लिहिली. चालवताच प्रोग्राम एका ठिकाणी अडला. पावती छापण्याआधीच तिथे जागा सोडली जात होती. त्याने आधी पावती छापली, मग जागा सोडली, मग पत्ता पुसला.

आजींनी पावती डोळ्यांजवळ धरली. "आली म्हणायची माझी म्हैस परत."

शिष्याने मान हलवली आणि पुढची किटली यंत्रावर ठेवली.