पेन्शनचं मूळ आणि गुळाची तुला

"...मग सांगा बाबा, आता माझं वजन करायचं तरी कुणी?"

प्राध्यापक खरवंडीकरांचा आवाज जरा चढलाच. दर्ग्याच्या ओट्यावर चिरागशा बाबा डोळे मिटून ऐकत होते. दुपार कलली होती. लोबानाचा धूर चिंचेखाली रेंगाळत होता.

"पेन्शन हा शब्द मुळात लॅटिनमधला," खरवंडीकर म्हणाले. जन्मभर शब्दांची मुळं शिकवलेली. निवृत्त झाले म्हणून खोड जाते थोडीच! "अर्थ टांगणं, तोलणं. पूर्वी देणं तराजूत तोलून देत."

"मग?"

"मलाही तोललं आणि घरी पाठवलं. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसतो, बाबा. कुणी बोलावत नाही..."

त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली.

"मी अजून कुणाच्या उपयोगाचा आहे का, एवढं कळू द्या."

बाबांनी चिंचेकडे बोट केलं. फांदीला मोठा तराजू टांगलेला होता. नवस फेडायला आलेले लोक त्यात लेकराला बसवत, त्याच्या वजनाइतका गूळ तोलत आणि तिथंच वाटून टाकत.

"गूळ आण. तुझ्या वजनाइतका."

खरवंडीकर बाजारातून हातगाडीभर ढेपा घेऊन आले. स्वतःचा अंदाज कमी कोण धरतो!

ते पारड्यात मांडी घालून बसले. समोर एकेक ढेप चढू लागली. निम्म्या ढेपा अजून गाडीवरच होत्या, तोच त्यांचं पारडं हलकेच जमिनीवरून सुटलं...

वारा आला, तराजू झुलू लागला. चिंचेचा पाला, हिरवा घुमट, नदीवरचं ऊन, सगळंच संथ हलत होतं. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं. डोळे कधी मिटले ते कळलंच नाही.

जाग आली तेव्हा पारडं जमिनीला टेकलं होतं.

समोरचं पारडं रिकामं. हातगाडीही रिकामी. अंगणात माणसंच माणसं बसली होती. सगळ्यांची तोंडं हलत होती. एक म्हातारी डोळे मिटून बोटं चाटत होती.

खरवंडीकर गडबडून उठले.

"वाटूनसुद्धा टाकला? अहो बाबा, पण मी भरलो किती?"

बाबांनी उरलेला गुळाचा खडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"वजन कुणी विचारलंच नाही, बेटा. गोड आहे म्हणाले."