वारुळाचा वास

फार वर्षांपूर्वी एका वारुळाचा नियम होता: ज्याच्या अंगाला वारुळाचा वास, त्यालाच आत सोडायचं. टिकली नावाच्या मुंगीने रांगेत चालायची शाळा अर्ध्यात सोडली होती, त्यामुळे ती दिवसभर दारात बसलेली असायची.

एकदा म्हातारी ठमाआजीही तिच्याजवळ दारात बसली असताना एक अनोळखी भुंगा आला. "ठमाआजी, तुमच्या नावाने साखरेचा खडा आलाय! तुमचा वास जरा माझ्या पाठीला चोळा, की लगेच देतो. लवकर हं, नाहीतर खडा परत जाईल."

"किती गोड बोलतो गं!" म्हणत आजी पुढे सरसावली. आत वर्षभराचं धान्य होतं, अंडी होती.

टिकली मध्ये घुसली. "आजी, देणार तो आहे ना? मग वास आपण कशाला द्यायचा?"

"शाळा सोडलेली तू, मला शिकवतेस?"

"हो, शिकवते! अहो भुंगेराव, खडा इथेच दारात ठेवा. आम्ही उचलून नेतो."

भुंग्याकडे खडा होता कुठे? तो तणतणत उडून गेला.

संध्याकाळी आजी सगळ्या वारुळाला रंगवून सांगत होती, "मी त्याला ठणकावून विचारलं, देणार तू, मग वास माझा कशाला?"

टिकली गालात हसली. प्रश्न तरी आजीने बरोबर पाठ केला होता.