गिअरबॉक्सवर अडकला गोटू

शेवंताआत्याच्या अंगणात एक जुनी जीप होती. जीपचा गिअर पडेना. आत्या म्हणाली, "आज गिअरबॉक्स उतरवायचाच!"

जीपमध्ये राहायची टिंबी उंदरीण. तिचं एकच पिल्लू, गोटू. गोटू गेला फिरायला. गिअरबॉक्सच्या वर एक फट होती. गोटू फटीत घुसला. पोट अडकलं!

"चीं चीं! आई!"

टिंबी गिअरबॉक्सकडे गेली. टुणुक टुणुक.

"गिअरबॉक्सदादा, गोटू निघेना!"

"कसा हलू? बोल्ट सुटला, की मी हलेन."

टिंबी बोल्टाकडे गेली. टुणुक टुणुक.

"बोल्टा रे बोल्टा, गिअरबॉक्स हलेना, गोटू निघेना!"

"कसा सुटू? पाना फिरला, की मी सुटेन."

टिंबी पान्याकडे गेली. टुणुक टुणुक.

"पान्या रे पान्या, बोल्ट सुटेना, गिअरबॉक्स हलेना, गोटू निघेना!"

"कसा फिरू? आत्या गाडीखाली शिरली, की मी फिरेन."

आत्या पायरीवर चहा पीत होती. टिंबी तिच्याकडे गेली. टुणुक टुणुक.

"आत्या गं आत्या, पाना फिरेना, बोल्ट सुटेना, गिअरबॉक्स हलेना, गोटू निघेना!"

"अगं बाई! बिचारं लेकरू! पण खाली शिरू कशी? जॅक चढला, की मी शिरेन."

टिंबी जॅककडे गेली. टुणुक टुणुक.

"जॅकदादा, आत्या शिरेना, पाना फिरेना, बोल्ट सुटेना, गिअरबॉक्स हलेना, गोटू निघेना!"

"कसा चढू? गाडी घरंगळेल ना! चाकाला दगड लागला, की मी चढेन."

टिंबी दगडाकडे गेली. टुणुक टुणुक.

"दगडा रे दगडा, जॅक चढेना, आत्या शिरेना, पाना फिरेना, बोल्ट सुटेना, गिअरबॉक्स हलेना, गोटू निघेना!"

"कसा लागू? माझ्यावर मांजर झोपलीय. मांजर उठली, की मी लागेन."

मांजर! टिंबी झटकन चाकामागे लपली.

"चीं चीं! आई!" गोटूचा आवाज बारीक झाला होता.

टिंबी मांजरीकडे गेली. टुणुक... टुणुक...

"माऊताई गं माऊताई, दगड लागेना, जॅक चढेना, आत्या शिरेना, पाना फिरेना, बोल्ट सुटेना, गिअरबॉक्स हलेना, गोटू निघेना!"

मांजरीने एक डोळा उघडला. "मी नाही उठत जा! ऊन किती छान पडलंय."

टिंबीने काय केलं? मांजरीची मिशी धरली. आणि ओढली!

"म्याऽऽऽव!"

टिंबी पुढे, मांजर मागे. अंगणात होती एक नळी. टिंबी सुर्रकन नळीत शिरली. मांजर तोंडाशी टपून बसली. टिंबी दुसऱ्या तोंडातून पसार!

मांजर उठली, दगड लागला. गडगड गडगड.

दगड लागला, जॅक चढला. कुईं कुईं.

जॅक चढला, आत्याने गाडीला भक्कम टेकू दिला. मग आत्या शिरली. सरपट सरपट.

आत्या शिरली, पाना फिरला. कर्र कर्र.

पाना फिरला, बोल्ट सुटला. टण्ण!

बोल्ट सुटला, गिअरबॉक्स हलला. "हळू रे बाबा, हळू," आत्या म्हणाली. धप्प! आला खाली!

आणि गोटू निघाला!

नाकाला तेल. कानाला तेल. शेपटीला तेल. टिंबीने त्याला घट्ट कुशीत घेतलं.

"आई," गोटू म्हणाला, "भूक!"

आत्या खो खो हसली. तिने खारी बिस्कीट मोडलं. कुडुम कुडुम.

एक तुकडा टिंबीला, एक तुकडा गोटूला, आणि गोष्ट आमच्या बाळाला!