अळणी व्रताचं पारणं

"…मग आजन्म घेऊ की नको, तेवढं सांगा," पद्माकर म्हणाला.

जीजींनी हातातली निळी वही उघडून त्याच्यापुढे धरली.

"तुर्कस्तान राहिलंय," त्या म्हणाल्या.

वही म्हणजे पासपोर्ट होता. खरा नव्हे, थीम पार्कच्या फाटकावर तिकिटाबरोबर मिळालेला, पुठ्ठ्याचा. आत 'जगाची चव' नावाचा मेळा भरला होता. बावीस देशांचे बावीस ठेले, थर्माकोलच्या कमानी, कागदाच्या इवल्या वाट्या आणि पेले. चव घ्यायची, पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा, पुढच्या देशात जायचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जीजींनी सकाळपासून अकरा देश उरकले होते. पेरूचा शिक्का पुसट उमटला म्हणून त्यांनी तो पुन्हा मारून घेतला होता.

पद्माकर हे सगळं पाहत होता आणि आतल्या आत आक्रसत होता.

सावरशेतच्या आश्रमात जीजींचा शब्द शेवटचा. डोंगराच्या कुशीतला तीस माणसांचा आश्रम. शेती, सूत, प्रार्थना. तिथे जेवण मौनात होई. पानात टाकायचं नाही आणि अन्नाला नाव ठेवायचं नाही, हे दोन नियम भिंतीवर लिहिलेले होते. तिसरा लिहिलेला नव्हता, पण पाळला जाई: देवाला नैवेद्य दाखवण्याआधी कुणी काही चाखायचं नाही.

बारा वर्षांपूर्वी पद्माकरने जीजींकडून अळणी व्रत घेतलं. बारा वर्षं जिभेला मीठ लावायचं नाही. त्याच आठवड्यात आश्रमाचं स्वयंपाकघरही त्याच्याकडे आलं. तेव्हापासून त्याची रीत ठरलेली. मीठ पडण्याआधी आपला वाटा काढून घ्यायचा, मग पितळेच्या वाटीने मीठ मोजून घालायचं, नैवेद्य दाखवायचा आणि वाढायचं. एक दिवस चुकला नाही. तापात चुकला नाही, भाचीच्या लग्नात चुकला नाही. आश्रमात पाहुणे आले की त्यांना पद्माकरचं नाव याच एका गोष्टीसाठी सांगितलं जाई, आणि त्यांनी ते लगेच विसरू नये म्हणून तो थोडा वेळ जवळपास रेंगाळे.

काल ती बारा वर्षं पुरी झाली. आज सूर्य मावळायच्या आत जीजींच्या हातचं मीठ घेऊन पारणं फेडायचं आणि मग इच्छा असेल तर तेच व्रत जन्मभरासाठी मागायचं, अशी पद्धत. मागणार असल्याचं पद्माकरने महिनाभर आधीच साऱ्या आश्रमाला सांगून ठेवलं होतं. आता मागे फिरायला वाट नव्हती.

आणि अशा दिवशी जीजी त्याला इथे घेऊन आल्या होत्या. मेळेवाल्यांना 'आपल्या मातीचं' म्हणून एक ठेला हवा होता. त्यांनी आश्रमाकडे नाचणीची आंबील मागितली. पद्माकरने नको म्हणून तीन कारणं दिली. जीजींनी तिन्ही शांतपणे ऐकली आणि दोन पिंपं घासून ठेवायला सांगितली.

तुर्कस्तानचा ठेला आश्रमाच्या ठेल्याला लागूनच होता. तिथे लाल गोंड्याची टोपी घालून शबाना नावाची भिवंडीची मुलगी उभी होती. तिने जीजींना पांढऱ्या पेयाचा पेला दिला. जीजींनी घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला.

"ताक आहे हे."

"ताकच आहे, आजी," शबाना म्हणाली. "पण तुर्कस्तानचं आहे."

जीजींना ते पटलं. शिक्का ठळक उमटला.

मग त्या पिंपांमागच्या बाकावर येऊन टेकल्या आणि काय काय खाल्लं ते सांगू लागल्या. इथिओपियाची भाकरी म्हणजे आपली आंबोळीच, पण घोंगडीएवढी. मेक्सिकोचं लाल सरबत लाल अंबाडीचं निघालं. इटलीचं ते हिरवं फळ मात्र मुरलेल्या आवळ्यासारखं दिसतं आणि तोंडात गेल्यावर फसवतं.

पद्माकरला राहवलं नाही. जीभ जिंकली की सगळं जिंकलं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, असं तो शक्य तितक्या नम्रपणे म्हणाला. जीजींनी कबूल केलं, की हो, शिकवलं होतं. मग त्यांनी हनुवटीवरचं ताक पदराने टिपलं.

"जीजी, मी विचारलेलं…"

"स्वप्नात काय खातोस?"

पद्माकर पिंपाच्या तोटीकडे पाहत राहिला. वरून पाळण्यांची गाडी किंचाळ्या घेऊन गेली आणि लांब जाऊन शांत झाली.

"कैरी," शेवटी तो म्हणाला. "तिखटमीठ लावून."

"कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"रोज?"

"उन्हाळ्यात रोज."

जीजी हसल्या नाहीत. "साल काढून?"

"सालीसकट."

"हं… सालीसकटच चांगली."

पद्माकरने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस. दहा वर्षं चोरासारखा झोपेत कैरी खात होता आणि सकाळी उठून पाहुण्यांपुढे व्रतस्थ म्हणून उभा राहत होता. जन्मभर म्हणजे आणखी किती कैऱ्या, हा हिशेब त्याने महिनाभर केला होता. जीजींनी नको म्हणावं असं त्याला वाटत होतं, आणि त्या नको म्हणतील या भीतीने त्याची झोप उडाली होती.

तेवढ्यात एक कुटुंब ठेल्यापाशी आलं. पद्माकरने पेला भरून दिला. बापाने घोट घेतला, क्षणभर डोळे बारीक केले, मग "छान, वेगळंच आहे," म्हणून मान डोलवली. चार पावलं गेल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पेला जास्वंदीच्या कुंडीत उपडा केला.

लोकांच्या जिभा आता चीज आणि सॉसने बिघडल्यात, असं पद्माकर जीजींना म्हणाला. सकाळपासून तो हे चौथ्यांदा म्हणत होता.

शबानाने टोपीचा गोंडा मागे टाकला.

"काका, राग मानू नका," ती म्हणाली. "सकाळपासून तुमची आंबील त्याच कुंडीत जातेय. जास्वंद संध्याकाळपर्यंत टिकली तर नवल."

सात्त्विक अन्न सगळ्यांनाच रुचतं असं नाही, हे पद्माकरने तिला समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी प्यायले ना, काका. मग अर्धं तुर्कस्तान मलाच प्यावं लागलं."

पद्माकरने जीजींकडे पाहिलं. जीजी उठल्या होत्या. त्यांनी एक कागदी पेला घेतला, पिंपाची तोटी सोडली, पेला काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"पारणं," त्या म्हणाल्या.

त्याने सदऱ्याच्या खिशातून मिठाची पुडी काढली. देवघरासमोर ठेवून आणलेली होती. "मीठ आणलंय मी. तुमच्या हाताने चिमूटभर…"

"यात आहे."

पद्माकरने पुडी खाली ठेवली. पेला दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, डोळे मिटले, मनात श्लोक म्हटला आणि मोठा घोट घेतला.

जीभ आत ओढली गेली. गालफडं आवळली. डोळ्यांतून पाणी आलं. पारण्याचा घोट थुंकता येत नाही, म्हणून त्याने तो कसाबसा गिळला आणि तोंड उघडं टाकून उभा राहिला.

"बारा वर्षांनी मीठ लागलं, म्हणून बहुतेक…"

"मलाही लागते," जीजी म्हणाल्या. "खारट."

"आजच बिघडली असेल."

जीजींनी मान हलवली. नाही म्हणून.

पद्माकर बाकावर बसला. मग एकेक गोष्ट त्याच्यासमोर येऊ लागली. जेवणघराच्या दाराशी ठेवलेले दोन जादा रांजण. दत्तूभाऊ आमटीत तांब्यातलं पाणी ओतून घेतात. पद्माकर त्याला त्यांचा साधेपणा समजत होता. जेवणानंतर सगळे ओळीने पाणी प्यायला जातात; ती त्याला शिस्त वाटत होती.

आणि पितळेची वाटी. स्वयंपाकघर हाती आलं तेव्हा आश्रमात खडेमीठ येई. तिसऱ्या वर्षी ते दुकानात मिळेनासं झालं आणि पाकिटातलं बारीक मीठ येऊ लागलं. वाटी तीच राहिली. तीच वाटी, तशीच शीग. खड्यांच्या मधे जी मोकळी जागा असायची, ती सगळी आता मिठाने भरत होती… आणि त्याने कधी जिभेवर ठेवून पाहिलं नव्हतं.

"नऊ वर्षं?" त्याने विचारलं.

"आमटी जास्त. उसळ बरी असते. तुझी पाठ वळली की इंदूताई बटाटा टाकते."

"मला सांगितलं का नाहीत?"

"दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तू म्हणालास, जिभेचे चोचले. दुसऱ्यांदा तीन दिवस उपास केलास, माझं मन चवीतून सुटावं म्हणून."

पद्माकरला तो उपास आठवला. त्या उपासाचा त्याला आजवर अभिमान होता.

"म्हणजे माझं व्रत…"

"व्रत तू घेतलंस," जीजी म्हणाल्या. "पाळलं आम्ही."

…

पद्माकरने मान खाली घातली. त्याचे खांदे हलू लागले. शबानाला वाटलं काका रडतायत. ती पाण्याची बाटली घेऊन धावली. जवळ येऊन पाहते तर तो हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, तिने पाठीवर थाप मारली, तरी तो थांबेना. तीस माणसं नऊ वर्षं तोंड दाबून जेवली होती. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण तिच्याआधी हलकं वाटलं. महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून निघून गेलं होतं, जाताना दारसुद्धा न वाजवता.

मग तो उठला.

दुसरं पिंप अजून भरलेलं होतं. टाकून द्यायचं नाही, हा तर नियमच. त्याने ठेल्यामागची शेगडी पेटवली, बरोबर आणलेलं नाचणीचं पीठ पाण्यात कालवलं आणि मीठ न घालता पातळ पेज शिजवली. शबानाकडे दह्याचा डबा मागितला. तुर्कस्तानकडे दही उदंड होतं. पेज निवल्यावर त्याने दही घुसळून घातलं, पिंपातली थोडी खारट आंबील त्यात ओतली, ढवळलं आणि चमचा हातात घेऊन थबकला.

जीजींनी ते पाहिलं. देवाला सकाळीच दाखवून झालंय, एवढंच त्या म्हणाल्या, आणि वही उचलून ग्रीसकडे निघाल्या.

पद्माकरने चाखलं. थोडी आणखी पेज घातली, पुन्हा चाखलं. बारा वर्षं ज्या काटेकोरपणे त्याने मीठ टाळलं होतं, त्याच काटेकोरपणे तो आता ते शोधत होता. चमचा शबानाला दिला. ती म्हणाली, अजून दही. घातलं. आता? आता काकांनी विचारणं थांबवलं तरी चालेल, असं ती म्हणाली. पण त्याने थांबवलं नाही.

पहिला पेला त्याने काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना दिला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"मीठ बरोबर आहे का?" त्याने विचारलं.

जेवणाऱ्याला हे त्याने जन्मात पहिल्यांदा विचारलं होतं.

गृहस्थांनी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.

उन्हं कलली तोवर ठेल्यासमोर सातआठ माणसं उभी असायची. रांग म्हणता येणार नाही, पण कुंडीकडे कुणी जात नव्हतं. एका बाईंनी कृती विचारली. पद्माकरने ती सांगितली आणि मिठाच्या जागी आला तेव्हा म्हणाला, की हे मात्र चाखूनच.

जीजी परत आल्या. त्या दमल्या होत्या, आणि त्यांच्या वहीत एकोणीस देश होते. त्यांनी एक पेला मागून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायल्या. मग पदराने तोंड पुसलं.

"सूर्य टेकत आला," त्या म्हणाल्या. "तू सकाळपासून काहीतरी विचारत होतास. आजन्म की काय."

पद्माकरच्या तोंडात चमचा होता. त्याने तो काढला, बोलण्यासाठी तोंड उघडलं… आणि तसाच थांबला. जिभेने टाळू चाचपली. कपाळाला आठी पडली.

"एक मिनिट, जीजी. जिरं कमी पडलंय का, तेवढं बघतो."

जीजी बाकावर बसल्या. पाय लांब केले.

"बघ. सावकाश बघ," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं थांबलो, अजून घटकाभर थांबू."